मॅक्बेथ वाचतांना

शेक्सपीअरचें नाटक अभ्यासास लागलें कीं विद्यार्थी मूळ पुस्तकाआधीं टीपांचें पुस्तक उघडतो. कथासार, स्वभावचित्रें, संभाव्य प्रश्न व त्यांचीं तयार उत्तरें त्यांत असतात. परीक्षेची भीति कमी होते, आणि नाटक मात्र न वाचलेलेंच राहतें. हें नुकसान गुणपत्रिकेंत दिसत नाहीं. परंतु घरांतील वडील मंडळींनीं मनावर घेतलें तर तें टळण्यासारखें आहे. उदाहरणादाखल 'मॅक्बेथ' घ्यावें. शेक्सपीअरच्या शोकान्तिकांत तें सर्वांत आटोपशीर आहे.

कथानक मुलास आधींच सांगून टाकण्यांत कांहीं बिघडत नाहीं. स्कॉटलंडचा शूर सरदार मॅक्बेथ. तो राजा होणार असें तीन चेटकिणी त्याला सांगतात. पत्नीच्या चिथावणीनें तो घरीं पाहुणा आलेल्या डंकन राजाचा झोपेंत वध करतो. मिळालेलें राज्य राखण्यासाठीं खुनामागून खून पाडतो व अखेर स्वतः मारला जातो. कथा ठाऊक असूनही लोक कीर्तनाला बसतात, ते पुढें काय झालें हें ऐकण्यासाठीं नव्हे, कसें झालें हें ऐकण्यासाठीं. येथेंही तसेंच समजावें.

यानंतर मूळ ओळी मोठ्यानें वाचाव्या. मराठी विद्यार्थ्याच्या कानाला लघु-गुरूंची संवय असते. इंग्रजी पद्य आघातांवर चालतें. साधारण दहा अक्षरांची ओळ, एक अक्षर हलकें, एक जोराचें, असे पांच आघात. बहुतेक ठिकाणीं यमक नाहीं. मेजावर बोटानें ठेका धरून दहा-वीस ओळी म्हटल्या म्हणजे ही चाल कानांत बसते, आणि मग ती जेथें बदलते तेथें कान आपोआप टवकारतात. चेटकिणींच्या ओळी आंखूड, यमकाच्या व प्रथमाक्षरावरच आघात देणाऱ्या आहेत; त्या मंत्रासारख्या ऐकूं येतात. पांचव्या अंकांत राणी झोपेंत चालते, तेव्हां तिच्या तोंडचें पद्य सुटतें व ती गद्यांत बोलूं लागते. मन मोडलें तसा छंदही मोडला.

अर्थ अडतो तो बहुधा दोन कारणांनीं. कर्ता व क्रियापद आपापल्या जागा सोडून बसलेले असतात. त्यांचा अन्वय संस्कृत श्लोकाप्रमाणें लावावा. दुसरें कारण, शब्दांचे अर्थ बदललेले असतात. चेटकिणींस लावलेला 'वीअर्ड' हा शब्द आज विचित्र या अर्थानें चालतो; जुन्या इंग्रजींत तो नियतिवाचक होता. एवढें कळतांच त्या तिघींकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

मग विद्यार्थ्यास विचारावें, दोष कोणाचा? चेटकिणींनीं राजपद भाकित केलें. खून करावयास सांगितलें नाहीं. त्याच वेळीं बँकोनेंही आपले वंशज राजे होतील असें ऐकलें, पण त्यानें शस्त्र उपसलें नाहीं. हॉलिन्शेडच्या ज्या बखरींतून ही कथा घेतली तींत बँको कटांत सामील आहे. नाटक सुमारें १६०६ मधलें. १६०३ सालीं इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स हा बँकोचा वंशज मानला जात असे, हें या बदलाचें एक उघड कारण. परंतु त्यापासून नाटकास झालेला लाभ राजाच्या संतोषाहून मोठा आहे. मोह दोघांच्या कानीं पडतो. पाऊल एकच उचलतो. इतिहासांतला मॅक्बेथ निराळाच होता. त्यानें १०४० ते १०५७ राज्य केलें, आणि डंकन झोपेंत नव्हे, लढाईंत पडला. कवीनें रणांगण सोडून शयनगृह निवडलें, कारण त्याला पराक्रम दाखवावयाचा नव्हता, विश्वासघात दाखवावयाचा होता.

शेवटीं दोन जागा शेजारीं ठेवून वाचाव्या. खुनाच्या रात्रीं, थोडें पाणी घेतलें कीं काम भागेल, असें राणी नवऱ्यास समजावते. पुढें तीच झोपेंत न निघणारा डाग चोळीत राहते. पहिल्या अंकांत ती काळ्याकुट्ट रात्रीला बोलावते. पांचव्यांत तिच्या उशाशीं सतत दिवा लागतो, तशी तिची आज्ञाच आहे. हें टीपांच्या पुस्तकांतून पाठ करणारा विद्यार्थी प्रश्नाचें उत्तर देईल. पण पानें मागें उलटून तो दिवा ज्याला स्वतःला सांपडला, त्याला पाप लपविणें म्हणजे काय हें कोणी वेगळें शिकवावें लागणार नाहीं.

पुढें वि. वा. शिरवाडकर यांचा 'राजमुकुट' हा १९५४ मधील मराठी अवतारही त्यानें वाचावा; मात्र मूळ नाटकानंतर, त्याच्याऐवजीं नव्हे.