राज्यशास्त्र घेऊन काय केलंस?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं असं सांगितलं, की आपल्याकडे दोनच प्रश्न येतात. ‘एमपीएससी देणार का?’ आणि ‘निवडणुकीला उभी राहणार का?’ पहिलं मी करून पाहिलं, यश आलं नाही. दुसरं कधी मनातच नव्हतं. आज मी गृहनिर्माण संस्थांची कागदपत्रं सांभाळते. नोटिसा काढते, इतिवृत्तं लिहिते. तरी ती तीन वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. का, ते सांगते.

आपल्यापैकी बहुतेक जण आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंगकडे गेले. ते साहजिकच होतं. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, 1962 मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले. घराघरांत फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट हीच भाषा. आर्ट्सला जायचं ते मार्क कमी पडलेल्यांनी, असा समज होता.

राज्यशास्त्रात गाईड वाचून पास होता येतं, हेही खरं आहे. पण आमचे एक सर कुठलाही विषय शिकवताना तीन प्रश्न फळ्यावर लिहायचे. निर्णय कोणी घेतला? कोणत्या कायद्यानं? आणि जाब कुठे विचारायचा? प्लेटोपासून बाबासाहेबांपर्यंतचे विचारवंत आज थोडेफारच आठवतात. हे तीन प्रश्न मात्र रोज कामी येतात.

पाण्याचंच घ्या. नोव्हेंबर 2019 पासून आपल्या शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. टँकर आला नाही की सोसायटीत पहिल्यांदा वॉचमनवर आवाज चढतो, मग चेअरमनवर. आपलं पाणी येतं मावळातल्या पवना धरणातून. ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि निगडीला शुद्ध करतात. ते धरणातून थेट बंद जलवाहिनीनं आणायचं ठरलं, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर गोळीबार झाला. एका महिलेसह तिघांचा जीव गेला. कोणाला काय मिळतं, कधी आणि कसं, यालाच राजकारण म्हणायचं, असं आम्ही लासवेल या अमेरिकन अभ्यासकाच्या नावानं पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आपल्या नळाच्या दुसऱ्या टोकालाही माणसं राहतात.

दुसरं उदाहरण महापालिकेचं. आपली महापालिका 1982 ची. 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिच्यानुसार पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. मार्च 2022 मध्ये आपल्या 128 नगरसेवकांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले आणि मतदान झालं ते थेट जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. अंदाजपत्रक मांडायचं त्यांनी आणि मंजूरही करायचं त्यांनीच. अधिकारी चांगला की वाईट, हा मुद्दाच नाही. त्यांना सभागृहात उभं राहून प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. कोकणे चौकातल्या उंच इमारतींमध्ये मी किती जणांना हे सांगितलं! बहुतेकांचं उत्तर एकच, ‘अच्छा, नगरसेवक नाहीत का सध्या?’ रस्ते झाडले जात होते, दिवे लागत होते, म्हणून कोणाला काही उणं वाटलं नाही. मला भीती वाटते ती याचीच.

सोसायटीतही तेच. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कोरम नसतो, सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग जे दहा-बारा जण असतात ते दोनशे घरांचा निर्णय घेतात. नंतर वर्षभर व्हॉट्सॲपवर भांडण चालतं.

आता तुमची मुलं दहावी-बारावीला आहेत. एखादीला चांगले मार्क पडले आणि तरी ती म्हणाली, ‘मला राज्यशास्त्र घ्यायचंय’, तर लगेच तोंड वाकडं करू नका. पदवीनंतर कॅम्पसमधून नोकरी मिळेल, असं मी सांगणार नाही. जोडीला कायदा, आकडेवारी किंवा पत्रकारिता शिकावी लागेल, आणि मराठी-इंग्रजी दोन्ही नीट लिहिता यावं लागेल. पण या पट्ट्यात यंत्रं चालवणारी माणसं भरपूर झाली. शहर कसं चालतं हे समजणारी थोडी तरी हवीत.

जाता जाता बाईंना एक सांगायचंय. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेलं नागरिकशास्त्र परीक्षा जवळ आली तरी तुम्ही कधी गुंडाळलं नाहीत. माझी सुरुवात तिथेच झाली.

आणि मित्रांनो, यंदाच्या सभेला जा. जाण्याआधी मागचं इतिवृत्त वाचा. ते कोणीतरी मेहनतीनं लिहिलेलं असतं.