बाळ रडलं नाही तेव्हा: प्रसूतीतली इजा आणि भरपाईचा दावा

1963 सालच्या जुलै महिन्यात तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप चढला, पोटदुखी थांबेना. पुन्हा पोट उघडलं, तेव्हा आधीच्या शस्त्रक्रियेतला टॉवेल आत राहिलेला सापडला. काही दिवसांतच ती गेली. पतीने दिवाणी दावा लावला. ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि सरकारी रुग्णालयातल्या हलगर्जीपणाची भरपाई सरकारनेच द्यायची, हे तिथे ठरलं. निकालाचं वर्ष होतं 1996.

तेहतीस वर्षं लागली, तरी त्या कुटुंबाच्या हाती एक भक्कम पुरावा होता. पोटात टॉवेल सापडल्यावर चूक झाली की नाही, हा वाद फारसा उरत नाही.

बाळाच्या मेंदूला प्रसूतीत इजा होते, तेव्हा असं काही सापडत नाही. बाळ जन्मतं आणि रडत नाही. त्याला काचेच्या पेटीत ठेवतात, दुसऱ्या दिवशी झटके येतात. पुढे मान धरायच्या वयात ते मान धरत नाही, बसायच्या वयात बसत नाही. केव्हातरी एखादे डॉक्टर ‘सेरेब्रल पाल्सी’ हे नाव सांगतात आणि आईबापांच्या मनात ती रात्र पुन्हा सुरू होते. कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, नर्सने ठोके शेवटचे कधी ऐकले, मोठे डॉक्टर किती वाजता आले? तोवर दीड-दोन वर्षं उलटलेली असतात. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत 2 वर्षांची आहे. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यासाठीही वेगळं भांडावं लागतं.

इथे एक कटू गोष्ट आधीच सांगायला हवी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बहुतेक मुलांच्या मेंदूची इजा प्रसूतीच्या तासांत झालेली नसते. अकाली जन्म, गर्भातला संसर्ग, मेंदूच्या घडणीतला दोष, जनुकीय कारणं यांचा वाटा मोठा आहे. म्हणून दाव्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात: हलगर्जी झाली, आणि त्या हलगर्जीमुळेच इजा झाली. पहिली सिद्ध होऊनही दावा दुसरीपाशी अडकू शकतो. दुःखात बुडालेल्या घराला हे ऐकणं जड जातं. तरी वकिलाने आणि नातेवाइकांनी ते लपवू नये.

मग पुरावा कुठे असतो? कागदात. प्रसूतीच्या खोलीत ‘पार्टोग्राफ’ नावाचा आलेख भरायचा असतो. गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं, कळा किती अंतराने येतात, बाळाचे ठोके किती पडतात, हे त्यावर वेळेसह टिपलं जातं. ठोके मिनिटाला 110 ते 160 असावेत. शिवाय कळा वाढवणारी सलाईन कधी लावली आणि तिचा वेग किती होता याची नोंद, जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाच्या स्थितीला दिलेले अ‍ॅपगार गुण, आणि घेतली असेल तर नाळेच्या रक्ताची तपासणी. समजा, रात्री दोनला ठोके 90 वर आल्याची नोंद आहे आणि सिझर चारला झालं. त्या मधल्या दोन तासांचा खुलासा रुग्णालयाने द्यायला हवा. नोंदच नसेल, किंवा सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, एका दमात लिहिलेल्या दिसत असतील, तर तेही न्यायाधीशांसमोर मांडता येतं.

हे कागद मागण्याचा हक्क कुटुंबाला आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम सांगतात की, दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रं 3 वर्षं जपायची आणि मागणी आल्यावर 72 तासांत द्यायची. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी. घरात बारशाचीही उमेद नसते अशा दिवसांत हे कोणाला सुचणार? आईला तर नाहीच. म्हणून हे काम मामाने, काकाने, शेजाऱ्याने अंगावर घ्यायला हवं.

कागद हाती आले की प्रश्न येतो मापाचा. भारतीय न्यायालयांनी जुनं इंग्रजी माप स्वीकारलं आहे: त्या परिस्थितीत त्या क्षेत्रातला सामान्य कुशल डॉक्टर जसा वागला असता, तसं वागणं पुरेसं. ते तपासायला दुसऱ्या डॉक्टरचंच मत लागतं, आणि गावातल्या डॉक्टरविरुद्ध शेजारच्या गावातला डॉक्टर लिहून द्यायला सहसा राजी होत नाही. ही या दाव्यांची सर्वांत दुखरी नस आहे.

खुद्द ब्रिटनने या मापाचा एक भाग 2015 मध्ये बदलला. स्कॉटलंडमधली एक मधुमेही, उंचीने लहान स्त्री. अशा मातेच्या बाळाचे खांदे अडकण्याचा धोका 9 ते 10 टक्के असतो. डॉक्टरांनी तो तिला सांगितला नाही; सांगितला तर बायका सिझरच मागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. 1 ऑक्टोबर 1999 रोजी बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदे अडकले. पूर्ण बाहेर यायला 12 मिनिटं लागली. मेंदूला प्राणवायू कमी पडला, हाताच्या नसाही दुखावल्या. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘माँटगोमेरी’ खटल्यात ठरवलं की, धोका सांगावा की नाही हे डॉक्टरांच्या रिवाजावर सोडता येणार नाही. त्या स्त्रीला काय महत्त्वाचं वाटलं असतं, हे पाहायचं. भरपाई मिळाली 52.5 लाख पौंड. भारतातही आईला असं सांगणं सक्तीचं व्हायला हवं. पोटातलं बाळ तिचं आहे, कळा तिच्या आहेत.

भरपाईच्या आकड्याबद्दल इथे मोठा गैरसमज आहे. बाळंतपणाचं बिल 40 हजारांचं, मग मागणी एक कोटीची कशी, असं विचारलं जातं. मोजायचं असतं ते मुलाचं पुढचं आयुष्य: फिजिओथेरपी, औषधं, चाकाची खुर्ची, नोकरी सोडून घरी बसलेली आई, आणि आईबापांच्या पश्चात सांभाळणारं माणूस. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात 1996 मध्ये अकाली जन्मलेल्या एका मुलीच्या डोळ्यांची वेळेवर तपासणी झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षांची महागाईसुद्धा हिशेबात धरून सुमारे 1.8 कोटी रुपये दिले. 2019 च्या ग्राहक कायद्यात आयोगाची पायरी मागितलेल्या रकमेवर ठरत नाही, भरलेल्या पैशांवर ठरते. त्यामुळे बाळंतपणाचा जवळजवळ प्रत्येक दावा जिल्हा आयोगातच लावता येतो, आणि 5 लाखांपर्यंतच्या बिलाला शुल्क नाही. मात्र जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालयं सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या शांता निकालानुसार ग्राहक कायद्याबाहेर आहेत. म्हणजे सर्वांत गरीब बाईला दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागतो. हे अन्यायाचं आहे.

काही घरं थेट पोलीस ठाण्यात जातात. फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू निकालात स्पष्ट केलं. शिवाय त्या मार्गाने मुलाच्या उपचाराचा खर्च निघत नाही. राजस्थानातल्या दौसा इथे मार्च 2022 मध्ये प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक माता दगावली, डॉक्टरवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि त्या डॉक्टरने आत्महत्या केली. दोन घरं उद्ध्वस्त झाली.

जपाननेही असा काळ पाहिला. फुकुशिमा प्रांतात एका प्रसूतितज्ज्ञाला 2006 मध्ये अटक झाली, 2008 मध्ये तो निर्दोष सुटला. दरम्यान देशभर प्रसूतिसेवा आकसत होती. 2009 पासून तिथे नवी व्यवस्था आली. प्रसूतीशी निगडित गंभीर सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला, कोणाचीही चूक सिद्ध न करता, 3 कोटी येन मिळतात: सुरुवातीला 60 लाख, मग 20 वर्षं दरवर्षी 12 लाख. प्रत्येक प्रकरणाची तज्ज्ञ छाननी करतात, अहवाल कुटुंबाला देतात आणि नावं काढून त्याचा सारांश प्रसिद्ध करतात. न्यायालयाचं दार उघडंच राहतं.

महाराष्ट्राला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात अपघातग्रस्ताला चूक सिद्ध न करता ठरावीक भरपाई मिळतेच. रस्त्यावर जे मान्य केलं, ते प्रसूतीच्या खोलीत मान्य करायला सरकारने पुढे यावं. विधिमंडळात यावर एक पूर्ण दिवस चर्चा व्हावी, इतका हा प्रश्न मोठा आहे.

तोवर दावा चालू असताना मूल वाढत असतं आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या थेरपीचा उपयोग सर्वांत जास्त होतो. त्यासाठी निकालाची वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बाळाला न्यावं. 2016 च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी हे दिव्यांगत्व म्हणून नोंदलेलं आहे, त्याचं प्रमाणपत्र काढावं. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत अशा मुलाला वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही धरतात, आणि तो घ्यायला कोणाची चूक दाखवावी लागत नाही.