दुनळी आणि पाणपक्षी



आमचा विषय 'दुनळी बंदूक' आहे असे कळताच व्याख्यानमालेच्या चालकांचे चेहरे जरा उतरले होते. बंदूक सभेत आणणार नाही असे वचन दिल्यावर त्यांनी संमती दिली. ते वचन आम्ही पाळले आहे. बंदूक दिंद्रुडला घरी कुलपात आहे आणि तिच्या नळ्या या क्षणी रिकाम्या आहेत.

ही बंदूक आमच्या आजोबांची. बारा बोअरची, बाहेर घोडे असलेली, इंग्लंडात बर्मिंगहॅमला घडलेली. बारा बोअर म्हणजे बारा इंच नव्हे, हे आधी सांगितलेले बरे. कारण आमच्या एका सोयर्‍यांची आयुष्यभर तशी समजूत होती. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो.

आमच्या नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आहे. अशा नळ्यांना दमास्कस म्हणतात. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तो पीळ दांड्याभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून नळी करीत. मग आम्लाने ती नक्षी वर काढीत. दिसायला अतिशय देखणे काम. पण जितके सांधे तितक्या गंजाला वाटा, आणि गंज बाहेरून दिसत नाही. शिवाय या नळ्या बहुधा काळ्या दारूसाठी केलेल्या. पुढे बिनधुराची दारू आली, तिचा जोर निराळा. त्या दारूसाठी चाचणी झाल्याची खूण नळीखाली नसेल, तर आजचे काडतूस तिच्यात घालणे म्हणजे हाताची बोटे पणाला लावणे होय. दुसरा धोका काडतुसाच्या लांबीचा. जुन्या बंदुकींचे घर पुष्कळदा अडीच इंचांचे असते. पावणेतीन इंची काडतूस त्यात बेमालूम बसते, आणि घात होतो तो त्यामुळेच. उडाल्यावर उलगडायला त्याला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो.

लहानपणी वडिलांबरोबर आम्ही गोदावरीच्या पात्रात जात असू. थंडीचे दिवस, पहाटेचा अंधार, अंगावर घोंगडी. वाळूवर चक्रवाकांची जोडपी, डोहात तलवार बदके, थापटे, चक्रांग. मोठा हंस, ज्याला पट्टकादंब म्हणतात, तो हिमालय ओलांडून येतो हे तेव्हा आम्हांला कोणी सांगितले नव्हते. वडील सांगत ते एवढेच : "बदकावर नेम धरू नकोस, बदक जिथे जाणार तिथे धर." याचा हिशोब आम्ही फार पुढे मांडला. ताशी चाळीस मैलांनी जाणारे बदक सेकंदाला साठएक फूट जाते. छर्‍यांना पस्तीस यार्ड गाठायला सेकंदाचा आठवा हिस्सा लागतो. तेवढ्यात बदक सात फूट पुढे! आमची पहिली दहा-बारा काडतुसे गोदामाईलाच अर्पण झाली.

घरी परतल्यावर, जेवणाआधी, बंदुकीची सेवा. पक्षी सोलायचे काम दुसर्‍या कोणी केले तरी चाले, बंदूक मात्र ज्याने उडवली त्यानेच धुवायची. 'धुवायची' हा शब्द ऐकून पुष्कळांना नवल वाटते. लोखंडाला पाणी कसे लावायचे? परंतु काळ्या दारूची जळकी राख हवेतला ओलावा ओढून घेते, आणि जुन्या टोप्यांतून जो क्षार नळीत राही तो तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. वरून कितीही तेल चोपडा, खाली नळी खाल्ली जातेच. म्हणून नळ्या सोडवून त्यांतून नरसाळ्याने उकळते पाणी ओतायचे. नळ्या इतक्या तापतात की आपोआप कोरड्या होतात. मग गजाला चिंधी गुंडाळून ती पांढरी निघेपर्यंत फिरवायची, आणि शेवटी तेलाचा नुसता हात. जास्त तेल हाही दोषच. ते ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड मऊ पडते. यासाठी वडील बंदूक तोंड खाली करून ठेवीत. दस्त्याला जवसाचे तेल, तेही तळव्याने चोळून. चामड्याच्या पेटीत पावसाळाभर बंदूक ठेवू नये; चामडे ओल धरून बसते.

नळ्यांची परीक्षाही सोपी आहे. सुट्या नळ्या आकड्यावर टांगून बोटाने टिचकी मारावी. घंटेसारखा नाद आला तर मधली पट्टी घट्ट आहे. भांडे फुटल्यासारखा आला तर डाक सुटला आहे. बंदूक मिटवून दिव्यासमोर धरावी, नळ्या आणि मागची फळी यांतून उजेड दिसला तर तिला खुशाल निवृत्त करावे.

एकदा दिवाळीनंतर वडिलांनी नळ्या उजेडाकडे धरल्या, तर डावीतून उजेड दिसेना. कुंभारमाशीने आत मातीचे घर केले होते. त्या दिवशी घाई होती, माणसे अंगणात खोळंबली होती, आणि वडील न पाहता निघाले असते, तर आज हे व्याख्यान वेगळ्या विषयावर झाले असते. तेव्हापासून नळीतून पाहिल्यावाचून काडतूस भरायचे नाही हा घरचा नियम झाला.

आता या विद्येची दुसरी बाजू. इंग्रजी सहा नंबरच्या एक औंस छर्‍यांत सुमारे 270 दाणे असतात. बदकाला लागतात पाच-सहा. उरलेले कुठे जातात? थव्यावर बार टाकला की चार पक्षी पडतात आणि दोन-तीन छर्रे घेऊन लव्हाळ्यात शिरतात. आम्ही पडलेले मोजीत असू. 1970 च्या सुमारास असेच एक चक्रवाक आम्हांला दुसर्‍या दिवशी काठावर सापडले, पंख लोंबणारे, जिवंत. बार आमचाच होता. त्या दिवसाबद्दल याहून अधिक बोलवत नाही.

आमचे पाप शेरभर, तर भरतपूरचे खंडीभर. 12 नोव्हेंबर 1938 या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तेथे 4,273 पक्षी पडले. तो आकडा तेथल्या शिळेवर कोरलेला आहे. त्याच केवलादेव तळ्याचे पुढे राष्ट्रीय उद्यान झाले. सलीम अलींची वाटही बंदुकीतूनच निघाली. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, हे विचारायला ते 1908 साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. आपला मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याची पक्षिपाहणीही त्यांनीच 1931-32 मध्ये केली.

मग 1972 साल आले. इकडे दुष्काळ पडला, तिकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. गंमत अशी की दुष्काळी कामांवर लोकांनी उपाशीपोटी खोदलेल्या पाझर तलावांवर पुढे बदके उतरू लागली, आणि मारायला हात बांधलेले! काही वर्षे लहान शिकारीला परवाना मिळण्याची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीने तीही गेली. तेव्हा कुरकुर आम्हीही केली. परंतु पैठणच्या जायकवाडी जलाशयाला 1986 मध्ये पक्षी अभयारण्य केले, सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, आणि ज्यांच्यासाठी पूर्वी पहाटे गोदावरी गाठावी लागे ते पाहुणे आमच्या तालुक्यात आले. आता आम्ही दुर्बीण घेऊन जातो. दुर्बिणीलाही पुसावे लागते, पण उकळते पाणी लागत नाही.

शिशाचीही एक गोष्ट सांगायची राहिली. बदके अन्न दळण्यासाठी चिखलातले खडे गिळतात, आणि खड्यांबरोबर जुने छर्रेही. ते पोटात झिजून विष भिनते. म्हणजे हुकलेला बारही कधी कधी मारतो. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांवर 1991 मध्ये देशभर बंदी आणली. बदली म्हणून पोलादी छर्रे आले, ते आमच्यासारख्या मऊ नळ्यांना सोसत नाहीत. थोडक्यात, आमची दुनळी दोन्हीकडून कालबाह्य ठरली.

तरीही दर दिवाळीनंतर आम्ही तिला काढतो, नळीतून उजेड पाहतो, गज फिरवतो. निवडणूक आली की ठाण्यात जमा करतो, नंतर सोडवून आणतो. दरवेळी ठाण्यातला नवा जमादार विचारतो, "काका, हिने करता काय?" शेतीच्या राखणीचे कारण कागदावर आहे; रानडुकरांच्या बाबतीतही कायदा आपल्या मर्जीवर सोडलेला नाही, हे त्यालाही ठाऊक असते.

पुढच्या वर्षी परवान्याची मुदत संपते. थोरला म्हणतो, सरकारजमा करा, घरात लहान मुले आहेत. धाकट्याला ती भिंतीवर हवी आहे, पण गज धरायला तो कधी बसलेला नाही. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, आधी कपाटातली जुनी काडतुसे बाहेर काढा, मग बंदुकीचे बोला. त्यांचे म्हणणे आम्ही मान्य केले आहे. कागदी टोपणांची ती काडतुसे कैक पावसाळे फुगून नळीत जाईनाशी झाली होती. गेल्या महिन्यात ती ठाण्यात लेखी देऊन आलो. बंदुकीचे अजून ठरलेले नाही.