कवटीच्या तळाची छिद्रं आणि आपला देह

नांदेडकर श्रोतेहो, उन्हाळ्याच्या संध्याकाळी कवटीवरचं व्याख्यान ऐकायला कोण येणार, असं मला विचारलं गेलं. उत्तर समोर बसलंय. (टाळ्या) मज्जारज्जू ज्या मोठ्या छिद्रातून उतरतो ते तुम्ही शाळेत शिकलात. तिथं मी थांबत नाही. मला बोलायचंय त्याच्या अवतीभवतीच्या लहान छिद्रांबद्दल.

पुस्तकातल्या आकृतीत दोन्ही बाजू सारख्या असतात. कवटीत तशा नसतात. मानेत उतरणाऱ्या मोठ्या शिरेचं छिद्र बहुतेकांत उजवीकडे मोठं असतं, कारण मेंदूतलं रक्त बहुधा त्या बाजूनं जास्त परततं. मेंदूच्या आवरणाची धमनी फोरामेन स्पायनोसम या छिद्रातून आत शिरते. पण कुणात ती डोळ्याच्या धमनीतून फुटते आणि मग हे छिद्र नसतंही. जिभेच्या नसेची वाट कुणात हाडानं दुभागलेली असते. यात आजार काहीच नाही.

आता फोरामेन ओव्हाले हे छिद्र. लांबी साधारण 7 मिलिमीटर, रुंदी 4च्या आसपास. ज्वारीच्या दोन दाण्यांनी झाकलं जाईल एवढं. त्यातून ट्रायजेमिनल नसेची खालच्या जबड्याकडची शाखा बाहेर येते. लातूरकडच्या एका मावशींचं सांगतो. गालात वीज चमकावी तशी कळ. घास चावला की कळ, तोंडावर पाणी मारलं की कळ. दात दुखतोय समजून एक काढला, मग शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. कळ तशीच! जेवण सुटलं, बोलणं सुटलं. घरातले म्हणाले, बाहेरचं काही असेल. दुखणं होतं ट्रायजेमिनल नसेचं. अशा रुग्णांना आधी गोळ्या देतात. भागलं नाही तर गालातून सुई घालून याच छिद्रातून नसेच्या मुळाशी जाता येतं. मात्र काहींच्या कवटीत छिद्राखाली हाडाची आडवी पट्टी तयार झालेली असते. सुई तिथंच अडते. मावशींची वाट मोकळी निघाली. त्या पुन्हा भाकरी खाऊ लागल्या, हे सांगताना आजही मला भरून येतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. मग मुद्द्यावरच येतो.

विद्यार्थी विचारतात, या छिद्रांचं आपल्या मराठवाड्यातलं माप काय? कपाटातल्या जुन्या कवट्या मोजून हे सांगता येत नाही. 1985 साली निर्यातबंदी होईपर्यंत भारतातून जगभर सांगाडे जात. कलकत्ता त्या व्यापाराचं मोठं केंद्र. अशा विकत घेतलेल्या कवटीला नाव नाही, वय नाही, गाव नाही. तिला लातूरची कशी म्हणू? कुणी म्हणेल, सीटी स्कॅन आहे की! आहे, आणि मापासाठी तो उत्तमच. पण नस, शीर आणि हाड एकमेकांना कसं बिलगून असतं, हे शिकणाऱ्या हाताला देहच शिकवतो. म्हणून देहदान हवं.

(मागून प्रश्न: अग्निसंस्काराचं काय?) प्रश्न रास्त आहे, मी तो टाळणार नाही. विच्छेदनाआधी विद्यार्थी दान केलेल्या देहापुढे शपथ घेतात. तिथली शांतता मी पाहिली आहे. तिला मी संस्कारच मानतो.

वेळ संपला. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागात जाऊन देहदानाची चौकशी करा. अर्ज भरलात तर मुलांना, सुनांना, भावांना आजच सांगून ठेवा. कारण तुमच्यामागे देह पोहोचवायचा असतो तो त्यांनीच.