एक दाढ जपून ठेवा: स्वागताध्यक्षीय भाषण



डीएनएवरची ही परिषद चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत कशासाठी, असं आम्हाला अनेकांनी विचारलं. पहिल्या पाळीच्या वेळी इथल्या कोणत्याही फाटकावर उभं राहिलं की उत्तर मिळतं. सोलापूर-पुणे महामार्गालगतच्या, मोहोळ तालुक्यातल्या या माळावर आज रसायनं, औषधांचा कच्चा माल, गाड्यांचे सुटे भाग तयार होतात. कामाला येणारा माणूस मोहोळचा असतो, तसाच विजयपूर-कलबुर्गीचा, बिहारचा, ओडिशाचाही असतो. असा माणूस रात्री रेल्वेतून पडला, महामार्गावर वाहनाखाली आला किंवा भीमेच्या पात्रात सापडला आणि खिशात कागद नसला, तर इथल्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते: ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे’. त्याच वेळी शेकडो मैलांवर, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत त्याची आई ‘मिसिंग’ दाखल करत असते. या दोन कागदांची गाठ पडत नाही. काही दिवस वाट पाहून पोलीस अंत्यसंस्कार उरकतात, आणि आई मात्र दाराची कडी वाजली की उठते.

विज्ञानाने ही गाठ घालून देण्याची सोय केलेली आहे. दाढेच्या आत, मांडीच्या जाड हाडात, कानाच्या आतल्या भागाला वेढणाऱ्या दगडासारख्या कठीण हाडात डीएनए वर्षानुवर्षं टिकतो. पेशीच्या केंद्रकातला डीएनए तुटून गेला तरी मायटोकॉन्ड्रियातला मिळण्याची आशा असते, कारण एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. तो आईकडून येतो, म्हणून भाऊ, बहीण, मावशी, मामा यांच्याशी तो ताडून पाहता येतो. पंजाबात अजनाला इथे एका जुन्या विहिरीतून 2014 साली माणसांचे सांगाडे निघाले. ते कोणाचे, यावर बराच वाद झाला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेसह अनेक संस्थांच्या शास्त्रज्ञांनी दातांमधला डीएनए आणि समस्थानिकं तपासली आणि 2022 मध्ये दाखवून दिलं की ही माणसं पंजाबची नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातली होती. 1857 च्या उठावात मारल्या गेलेल्या शिपायांच्या नोंदींशी हे जुळलं. दीडशेहून अधिक वर्षं पाण्या-मातीत राहिलेला दात एवढं सांगू शकतो.

पण त्या शिपायांपैकी एकाचंही नाव त्यातून कळलं नाही, कारण हाड स्वतःहून नाव सांगत नाही. तुलनेला रक्ताचं माणूस लागतं. मला आज जे सांगायचं आहे ते हेच.

आपल्याच राज्यातलं शीना बोरा या तरुणीच्या खुनाचं प्रकरण घ्या. खटला न्यायालयात आहे, आरोपांबद्दल मी बोलणार नाही. फक्त ओळखीबद्दल बोलतो. मे 2012 मध्ये रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोदे परिसरात जळालेले अवशेष सापडले. तीन वर्षं ते अनोळखीच राहिले. 2015 मध्ये तपासाची दिशा सापडली, त्या जागी पुन्हा खोदकाम झालं, आणि मुंबईत कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत अवशेषांचा डीएनए आईच्या नमुन्याशी जुळला. तंत्र 2012 मध्येही होतं. नव्हती ती कोणाशी ताडायचं याची माहिती. आणि जून 2024 मध्ये याच अवशेषांचा ठावठिकाणा लागत नसल्याचं न्यायालयात सांगण्यात आलं. पुढे ते सीबीआयच्या दिल्लीतल्या कार्यालयात मिळाले. एवढ्या गाजलेल्या प्रकरणात जतनाची ही स्थिती, तर रुळांवर सापडलेल्या मजुराच्या अवशेषांचं काय होत असेल, याचा विचार इथे जमलेल्या प्रत्येकाने करावा.

12 जून 2025 ची गोष्ट आठवा. अहमदाबादच्या विमान अपघातात 260 माणसं गेली. आपल्या सांगोला तालुक्यातलं एक जोडपंही त्यात होतं. बहुतेक मृतदेह ओळखण्यापलीकडे गेले होते, तरी महिना संपायच्या आत सर्वांची ओळख पटली. प्रवाशांची यादी हातात होती, आणि नातेवाइक रक्त द्यायला रांगेत उभे होते, म्हणून हे झालं. यादी नसतानाही ते होतं, हे बोस्नियाने दाखवलं. 1995 साली स्रेब्रेनित्सात आठ हजारांवर माणसं मारली गेली. मारेकऱ्यांनी थडगी उकरून हाडं इकडेतिकडे हलवली, एकाच माणसाची हाडं दोन-तीन खड्ड्यांत सापडली. तरी नातेवाइकांच्या रक्तनमुन्यांवरून मारल्या गेलेल्यांपैकी जवळपास सात हजारांना त्यांची नावं परत मिळाली.

अमेरिकेत आता वंशावळीच्या खासगी डीएनए साठ्यांतून दूरच्या चुलत नातेवाइकांपर्यंत पोचून जुनी प्रकरणं सुटतात. ओहायोत 1981 साली सापडलेल्या एका तरुणीची ओळख 2018 मध्ये अशीच पटली. त्याचं कौतुक जरूर करावं. मात्र त्या साठ्यांत आपली माणसं फारशी नाहीत. मोहोळच्या किंवा कलबुर्गीच्या मजुराला तो रस्ता आज उपयोगाचा नाही. आपल्याला आपला रस्ता बांधावा लागेल.

2019 च्या डीएनए विधेयकात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्यासाठी स्वतंत्र सूची होत्या. जुलै 2023 मध्ये विधेयक मागे घेतलं गेलं आणि त्या सूचीही गेल्या. खासगीपणाबद्दलचे आक्षेप खरे आहेत, ते मी मानतो. मुलगा शोधायला आलेल्या बापाचा नमुना उद्या त्याच्याच दुसऱ्या मुलाविरुद्ध वापरला गेला, तर कोणी पुढे येणार नाही. तो नमुना फक्त ओळखीसाठी, संमतीने, आणि माणूस सापडला की नष्ट, असा कायदा व्हावा असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा येईपर्यंत हातातलं काम थांबण्याचं कारण नाही. आमच्या औषधाच्या कारखान्यांत प्रत्येक बॅचचा कंट्रोल सॅम्पल लेबल लावून वर्षानुवर्षं ठेवावा लागतो. पावडरीच्या पिंपाला जे मिळतं, ते बेवारस ठरलेल्या माणसालाही मिळालं पाहिजे. अंत्यसंस्कारापूर्वी एक चांगली दाढ किंवा हाडाचा तुकडा काढावा, तो फॉर्मलिनमध्ये बुडवू नये, ओला असताना प्लास्टिकमध्ये बांधू नये, कोरडा करून कागदात, अकस्मात मृत्यूचा क्रमांक घालून ठेवावा. दहनानंतर मागाहून फारसं काही करता येत नाही.

उद्योजक म्हणून आमच्याकडूनही एक गोष्ट व्हायला हवी. ठेकेदाराचा कामगार चार दिवस आला नाही की ‘पळून गेला’ म्हणत मस्टरवरून नाव कमी करण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. प्रत्येकाचा गावचा पूर्ण पत्ता, दोन नातेवाइकांचे फोन आणि गावाचं पोलीस ठाणं नोंदीत असावं, आणि माणूस न सांगता दिसेनासा झाला तर त्याच आठवड्यात घरी फोन जावा. वसाहतीतल्या सर्व कारखानदारांपुढे मी हा आग्रह धरणार आहे.

तज्ज्ञहो, दोन दिवसांच्या चर्चेतून आम्हाला मोठा अहवाल नको. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावता येईल असं एका पानाचं सोप्या मराठीतलं आणि कन्नडमधलं टाचण द्या: अनोळखी मृतदेहाचा कोणता नमुना घ्यायचा, कसा ठेवायचा, कुठे पाठवायचा, आणि बेपत्ताची तक्रार द्यायला आलेल्या आईला काय विचारायचं. ते छापून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ठाण्यांपर्यंत पोचवण्याचा खर्च स्वागत समिती उचलेल.