पहिली जुनी अमेरिकी मोटार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी मजुरी, बोनस किंवा यंत्रमागाचे भवितव्य यांवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे आणि तुम्ही ते सोसत आला आहात. यंदा मात्र विषय आपल्या पायांनी माझ्याकडे चालत आला. दिवाळीनंतर एका संध्याकाळी युनियनच्या कचेरीत तीन तरुण आले. तिघेही लूम चालविणाऱ्यांची मुले. तिघांनी मिळून चार वर्षांत काही रक्कम शिल्लक टाकली होती. त्यांतला थोरला म्हणाला, "काका, आम्हाला एक जुनी अमेरिकी मोटार घ्यायची आहे. सिनेमात असते तसली. मसल कार."

मी हसलो. ते हसणे त्यांना लागले हे मला त्यांच्या तोंडावरून कळले आणि माझी मलाच लाज वाटली. हौस करण्याचा हक्क काय फक्त बंगलेवाल्यांचा आहे? ज्याने आयुष्यभर कामगाराला भाकरीबरोबर थोडा आनंदही मिळावा म्हणून भांडण केले, त्याने कामगाराच्या पोराच्या हौसेला हसावे, हे शोभत नाही. पण श्रीमंताची हौस चुकली तर त्याचे एक खेळणे मोडते, आणि गरिबाची हौस चुकली तर घर मोडते. म्हणून मी त्यांना बसवून घेतले, चहा सांगितला, आणि आपण हा विषय नीट पाहू असे म्हटले. आज तेच तुमच्यापुढे मांडतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात आणि मिस्त्रींच्या शेजारी बसून झालेले. चूकभूल पोटात घालावी.

प्रथम ही मसल कार म्हणजे काय ते पाहू. १९६४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या पाँटियाक विभागाने एका मध्यम आकाराच्या साध्या मोटारीत मोठ्या मोटारीचे ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसविले. ताकद ३२५ अश्वशक्ती. नाव ठेवले जीटीओ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली, तिची सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर होती. १९६८ साली प्लिमथने रोड रनर काढली; तिच्यात गाद्या-गालिच्यांची चैन कमी केली आणि पैसा इंजिनात घातला. युक्ती सोपी होती: साधी काया, दांडगे काळीज आणि तरुण पगारदाराला झेपेल अशी किंमत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आज संग्राहक जिच्यासाठी मोठमोठ्या रकमा मोजतात, ती मोटार मुळात नोकरदार तरुणाची होती. त्याला ती झेपत होती याचे कारण केवळ कंपनीची हुशारी नव्हे. १९३६ च्या डिसेंबरअखेरीस फ्लिंट गावातील मोटार कामगार कारखान्याच्या आतच बसून राहिले. कडाक्याच्या थंडीत ४४ दिवस बसले, आणि १९३७ च्या फेब्रुवारीत जनरल मोटर्सला त्यांच्या युनियनला मान्यता द्यावी लागली. पुढे १९५० साली वॉल्टर रूथर यांच्या नेतृत्वाखाली त्याच कंपनीशी पाच वर्षांचा करार झाला, त्यात महागाईशी जोडलेला पगार आणि पेन्शन होते. ज्या हातांनी मोटार जोडली, त्या हातांना ती विकत घेता येऊ लागली. आपल्याकडे पैठणी विणणाऱ्याच्या घरात पैठणी किती वेळा नेसली जाते, याचा विचार केला म्हणजे या गोष्टीचे मोल कळेल.

हा काळ फार टिकला नाही. विम्याचे हप्ते चढले, १९७० साली हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा आला, आणि १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल अडविले. दांडगी इंजिने एकामागून एक मवाळ झाली.

आता आपल्या तीन तरुणांकडे वळू. ती मोटार तिकडून येथे आणता येईल काय? पूर्वी १९५० च्या आधी तयार झालेल्या जुन्या मोटारीच आणण्याची मुभा होती. २०२५ साली सरकारने ती मर्यादा पन्नास वर्षांवर आणली. म्हणजे दार उघडले आहे. पण दाराशी जकातवाला बसलेला आहे. मोटारीच्या किमतीहून अधिक तो मागतो, वर जहाजाचे भाडे. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नव्याने नोंदणी करावयाची तर वीस हजार रुपये शुल्क, आणि ती गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. रोज सटाण्याला बहिणीकडे जाण्यासाठी ती नव्हे. मी हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा धाकट्याचे तोंड उतरले.

तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अरे, अमेरिकी मोटार पाहिजे ना? मग समुद्रापलीकडे कशाला जाता? ती मुंबईत आपल्याच माणसांनी जोडलेली आहे."

मंडळी, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. तेथून शेवरोले मोटारी बाहेर पडत. सरकारचे धोरण देशी कारखान्यांकडे वळले तेव्हा १९५४ च्या सुमारास ती कंपनी आणि फोर्ड या दोघांनीही येथील काम आवरले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याच्या त्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो तयार होऊ लागल्या. सहा सिलिंडरचे शांत इंजिन, सोफ्यासारखी बैठक. मुंबईत त्यांच्यापैकी कित्येकींनी टॅक्सी म्हणून आयुष्य काढले. आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जुळविण्यास आरंभ केला. उंच बॉनेटची सीजे-३बी जीप आपल्या तालुक्यातील प्रत्येकाने पाहिली आहे, पण ती अमेरिकेची लेक आहे हे कोणी मनात आणीत नाही. तिचे २.२ लिटरचे हरिकेन इंजिन, तिची चौकोनी काया, सारे तिकडचे; आणि घाम इकडचा.

म्हणून कमी पैशात पहिली जुनी अमेरिकी मोटार घेणाऱ्याला माझा सल्ला असा: पहिली जीप पाहा. तिला तीनशे अश्वशक्ती नाहीत, हे खरे. पण तिचा सुटा भाग मिळतो, तिची दुरुस्ती येणारा माणूस तालुक्यात आहे, आणि चुकलात तर कमी पैशात चुकता. कुर्ल्याची डॉज किंवा प्लिमथ ही दुसरी पायरी. काचेची एक पट्टी किंवा दाराचा एक मुठ्ठा मिळविण्यासाठी तिचा मालक वर्ष वर्ष हिंडतो. आणि तुमचा भाऊ अमेरिकेतच नोकरीला असेल, त्याने तेथेच घ्यावयाची ठरविली, तर त्यालाही हेच तत्त्व लागू. नावाजलेल्या मोठ्या इंजिनाची सोडून द्या. त्याच कायेची सहा सिलिंडरची किंवा लहान आठ सिलिंडरची घ्या. दोन दारांची महाग, चार दारांची स्वस्त. मूळचेच इंजिन असलेली महाग, बदललेले असलेली स्वस्त. चालविण्याचा आनंद तितकाच.

आता गाडी पारखावी कशी? हे मी शहाणपणाने शिकलो नाही. १९९८ साली मी युनियनचा तरुण चिटणीस होतो. नाशिकच्या कामगार न्यायालयात साक्षीदार नेण्यासाठी गाडी असावी असे ठरले. कामगारांनी दरमहा दोन-दोन रुपये दिले, दीड वर्षात रक्कम जमली. बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडे मी एक जुनी जीप पाहिली. हिरवा रंग आरशासारखा. पहिल्या चावीला इंजिन सुरू झाले. मी बॉनेट उघडून शहाण्यासारखी मान डोलावली आणि सौदा केला.

पाचव्या आठवड्यात न्यायालयातून परत येताना राहूडच्या घाटात डाव्या बाजूच्या पाट्याचे ब्रॅकेट चासीतून उखडले. जीप कठड्याला घासत थांबली. जीव वाचले, पण एका साक्षीदाराचा हात मनगटाजवळ मोडला. लूमवर काम करणाऱ्या माणसाचा उजवा हात! अडीच महिने त्याच्या घरी मजुरी आली नाही. मिस्त्रीने चासी खरवडली तेव्हा रंगाखाली पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली गंज. लोखंड बिस्किटासारखे मोडत होते.

पुढच्या सभेत मी हिशेब वाचून दाखविला. सारे गप्प होते. कांडी भरणारी एक वयस्कर बाई उठून म्हणाली, "भाऊ, गाडी घेताना तुम्ही खालून पाहिली होती का?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "आम्ही शेळी घेतो तर दात बघतो." आणि खाली बसली. इतकी वर्षे झाली, त्या वाक्यावर मला उत्तर सुचलेले नाही.

म्हणून सांगतो, पहिली पाहणी जमिनीवर निजून करावी. चासी, पाट्यांची ब्रॅकेटे, पायाखालचा पत्रा, दारांचे खालचे काठ. खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. जेथे पुट्टी जाड आहे तेथे तो चिकटणार नाही. नवा रंग दिसला की आनंदू नका, संशय घ्या. इंजिन बिघडले तर ते उतरवून बांधता येते. गंजलेली काया म्हणजे वाळवी लागलेले घर.

दुसरी पाहणी कागदांची. नोंदणी चालू आहे काय, कर भरला आहे काय, कोणा बँकेचा बोजा आहे काय. चासीवरच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि ती छाप नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहा. जुन्या अमेरिकी गाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसविण्याची चाल होती. तो बदल पुस्तकात चढविलेला नसेल तर ती भानगड तुमची होईल. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक टिकविता येतो, म्हणून जिवंत नोंदणीची गाडी थोडी महाग पडली तरी स्वस्तच समजा.

इंजिन तिसरे. ते थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरते आहे. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर नमस्कार करून निघा.

आणि या तिन्हींच्या आधीची गोष्ट म्हणजे मिस्त्री. आपल्या मालेगावला हे नव्याने सांगावयास नको. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले लूम आपल्या माणसांनी आणले आणि चालविले. ते कोणाच्या जोरावर? भांडवलाच्या नव्हे; ज्याच्या कानाला धोट्याच्या आवाजावरून बिघाड कळतो त्या फिटरच्या जोरावर. तुमच्याजवळ शंभर रुपये असतील तर पन्नासाची गाडी घ्या, पंचवीस पहिल्या दुरुस्तीला ठेवा आणि पंचवीसाला वर्षभर हात लावू नका. त्या दुरुस्तीच्या पैशात घासाघीस करू नका. जो माणूस तुमच्या गाडीखाली निजून तुमचा जीव राखतो, त्याची मजुरी कापून हौस करणे मला युनियनवाला म्हणून तर पटत नाहीच, पण गिऱ्हाईक म्हणूनही पटत नाही. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नका. जुनी गाडी उत्पन्न देत नाही. हप्ता मात्र पहिल्या तारखेला दारात उभा असतो.

ते तीन तरुण गेल्या महिन्यात पुन्हा आले. मोसम पुलाजवळच्या एका वृद्ध मिस्त्रींना त्यांनी गाठले आहे. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन पाने-पकडी हातात देतात. तीन जीपा पाहिल्या आणि तिन्ही नाकारल्या. एकीची छाप पुस्तकाशी जुळली नाही, दोघींची चासी गेलेली. धाकट्याच्या शर्टाची पाठ ऑइलने आणि मातीने माखली होती. मी विचारले, "पैसे?" थोरला म्हणाला, "बँकेतच आहेत, काका. चौथी या रविवारी पाहायची आहे. तुम्ही येता का?"

मी येतो म्हणून सांगितले आहे. कपडे जुने घालून जाणार आहे.