जॅझ-ब्लूजच्या मोजक्या तबकड्या

वरातीच्या बँडमधला ट्रम्पेट ज्यांच्या कानांत बसलाय, त्यांना जॅझ परका वाटू नये. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात संगीतकार सी. रामचंद्रांच्या साथीला गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होतेच की!

तबकड्यांच्या संग्रहाची सुरुवात मी घरातूनच करेन. शंकर-जयकिशन यांची १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाइल’: तोडी, भैरव, मालकंस असे अकरा राग, रईस खाँ यांची सतार आणि जोडीला सॅक्सोफोन.

मग माइल्स डेव्हिस यांची १९५९ ची ‘काइंड ऑफ ब्लू’. ही मात्र चुकवू नका. भराभर स्वरसंगती बदलण्याऐवजी वादक एकेका स्वरावलीवर निवांत रेंगाळतात. रागाची बढत ऐकणाऱ्याला ते चटकन उमगतं.

ब्लूजच्या दोन पुरेत. रॉबर्ट जॉन्सन यांचं १९३६-३७ मधलं ध्वनिमुद्रण, एकटा माणूस आणि गिटार. आवाज खरखरतो, चालायचंच. दुसरी बी. बी. किंग यांची ‘लाइव्ह ॲट द रीगल’. शिकागोच्या थिएटरातला हा कार्यक्रम. ते एक ओळ गातात, थांबतात, गिटार उत्तर देते आणि प्रेक्षक ओरडतात. सवाल-जबाबच म्हणा ना. पैसे एकीपुरतेच असतील, तर हीच घ्या.